राणीच्या बागेत एकाच प्राण्यासमोर तासभर थांबलं तर?

लालबागची मावशी

माझी आठवड्याची सुट्टी मंगळवारी असते. शाळेला सुट्टी लागली की बहिणीची मुलगी, वय वर्षं सात, आमच्याकडे मुक्कामाला येते आणि "मावशी, राणीची बाग!" हे ठरलेलंच असतं. राणीची बाग म्हणजे मुंबईत भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय. गेल्या दोन वर्षांत दहा-बारा खेपा तरी झाल्या असतील.

पहिल्या दोन-तीन वेळा आम्हीही सगळे करतात तेच केलं. आधी पेंग्विनची रांग, मग वाघ, बिबट्या, अस्वल, पक्ष्यांचं दालन, मगर, आइस्क्रीम आणि घर. संध्याकाळी ताईचा फोन आला, "काय काय पाहिलं गं?" पोरगी म्हणाली, "सगळं." त्यापुढे तिला एक वाक्य सांगता आलं नाही. ते मला फार लागलं.

पुढच्या खेपेला मे महिना होता. ऊन इतकं की पाणघोड्याच्या कुंपणाशी सावली दिसली तशा आम्ही दोघी बसूनच गेलो. समोर हिरवट पाणी, त्यात काहीच नाही. लोक येत होते, "कुठाय? नाहीये वाटतं," म्हणून पुढे जात होते. तेवढ्यात फुस्स् असा आवाज आला. आधी दोन नाकपुड्या, त्यामागे डोळ्यांचे दोन उंचवटे, त्यामागे दोन कान. कान पाण्याबाहेर येताच गरगर फिरले, थेंब उडाले. मग चिमटीत धरून दाबाव्यात तशा नाकपुड्या मिटल्या आणि सगळं पुन्हा खाली. पोरीने आपणहून आकडे मोजायला सुरुवात केली. पहिल्यांदा १४० झाले, मग १९५, मग १६०. दर वेळी ती श्वास रोखून बघायची आणि नाक वर आलं की टाळी वाजवायची. चौथ्या की पाचव्या वेळी म्हणाली, "मावशी, त्याचं नाक, डोळे, कान सगळं एका ओळीत आहे. म्हणून तो न दिसता आपल्याला बघतो."

हे तिला मी सांगितलं नव्हतं, कुठल्या पाटीवरही वाचलं नव्हतं तिने. घरी येऊन आम्ही दोघींनी मिळून आणखी वाचलं. पाणघोड्याला नीट पोहता येत नाही, तो तळावरून चालतो, पाय रोवून उसळी घेतो. झोपेतसुद्धा त्याचं शरीर श्वासासाठी आपोआप वर येतं. कातडीतून तांबूस स्राव पाझरतो तो ना रक्त ना घाम, ते त्याचं उन्हापासूनचं आणि जंतूंपासूनचं संरक्षण. त्या दिवशी ताईचा फोन आला तेव्हा पोरगी वीस मिनिटं बोलत होती.

तेव्हापासून आमचा नियम झाला. एका खेपेला जास्तीत जास्त दोन प्राणी. एक वही घ्यायची, प्राणी दर मिनिटाला काय करतोय ते लिहायचं. 'झोपला', 'कान हलवला', 'खाजवलं'. कंटाळा पहिल्या दहा मिनिटांत येतो, त्यानंतर येत नाही.

नव्याने जाणाऱ्यांसाठी: बाग बुधवारी बंद असते. सकाळी साडेनऊला उघडते, तेव्हाच पोचा. शनिवार-रविवार शक्यतो टाळा.

तुम्ही कधी एखाद्या प्राण्यासमोर असे थांबला आहात का? राणीची बाग, पुण्याचं कात्रज, नागपूरची महाराजबाग, कुठलंही चालेल. लिहा.

गिरगावातला जुना

फार छान लिहिलंत. आमच्या लहानपणी राणीची बाग म्हणजे हत्तीवरची रपेट. माहूत वर ओढून घ्यायचा, आणि हत्तीच्या पाठीवरचे राठ केस चड्डीतून टोचायचे ते अजून आठवतं. आता ते बंद झालं ते योग्यच झालं.

मुलीला आणखी दोन प्राणी दाखवा, दगडाचा आणि धातूचा. शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात जो दगडी हत्ती आहे, तो घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना तुटला, आणि पुढे तुकडे इकडे आणून १९१४ मध्ये पुन्हा जोडले. जवळून बघा, सांधे दिसतात. दुसरा प्राणी खुद्द काळा घोडा. फोर्टातल्या ज्या चौकाला त्याचं नाव आहे तिथून सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलवला, तो राणीच्या बागेत उभा आहे. आमच्या पिढीतल्या कितीतरी मुंबईकरांनी चौक पाहिलाय आणि घोडा पाहिलेला नाही.

दोन पोरांची आई

वाचताना मलाच अपराधी वाटलं, आम्ही गेल्या महिन्यात दोन तासांत 'उरकली' बाग. माझा मुलगा पाच वर्षांचा. पेंग्विनच्या काचेसमोर पोचल्यावर त्याने मोठ्याने विचारलं, "आई, बर्फ कुठाय?" मी म्हटलं, मुंबईत कुठून आणणार बाळा, एसी लावलाय ना. आजूबाजूचे चार-पाच पालकही हेच सांगत होते. बरोबर सांगितलं का मी?

लालबागची मावशी

ताई, हा प्रश्न आमच्याकडेही पडला होता आणि त्यावर आम्ही एक आख्खी दुपार घालवली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडचे पेंग्विन हम्बोल्ट जातीचे. २०१६ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातून आठ आणले, मार्च २०१७ पासून लोकांना बघायला मिळाले. पण या जातीचं मूळ घर म्हणजे दक्षिण अमेरिकेतला पेरू आणि चिलीचा किनारा. तिथे बर्फ नाहीच! उलट किनाऱ्याला लागून वाळवंट आहे. फक्त समुद्राचं पाणी गार, कारण दक्षिणेकडून थंड प्रवाह येतो. त्या प्रवाहाला ज्या संशोधकाचं नाव आहे तेच या पक्ष्याला. म्हणजे मुलाने बर्फ शोधला तर त्याला सांगायचं, "अरे, याच्या गावालाही बर्फ नसतो."

आणि याचा पुरावा काचेतूनच दिसतो. चोचीच्या बुडाशी आणि डोळ्यांभोवती बघा, पिसं नाहीत, गुलाबी कातडी उघडी आहे. उकडलं की अंगातली उष्णता तिथून बाहेर जाते. भाचीला हे सांगितल्यावर तिने लगेच बर्फातल्या पेंग्विनचं चित्र शोधून ताडून पाहिलं.

दुसरी गंमत छातीची. पांढऱ्या छातीवर एक काळा पट्टा असतो आणि त्याखाली काळे ठिपके विखुरलेले. ते ठिपके प्रत्येकाचे वेगळे. आम्ही वहीत एका पेंग्विनची छाती काढली, ठिपक्यांसकट, आणि मग तोच कुठे कुठे जातो ते बघत राहिलो. गर्दीतला एक पेंग्विन ओळखीचा झाला की बाकीचे पाहुणे वाटायला लागतात. आमचा एका दुसऱ्याच्या मागे-मागे होता. तो पाण्यात शिरला की हा शिरे, तो खडकावर आला की हाही येई. जोडी असावी.

कधी एखादा पेंग्विन फाटक्या गोधडीसारखा दिसला तर घाबरू नका, आजारी नसतो. वर्षातून एकदा ते सगळी पिसं एकदम टाकतात. दोन-तीन आठवडे लागतात. तोवर नवी पिसं जलरोधक नसल्यामुळे रानातला पेंग्विन पाण्यात उतरत नाही, म्हणजे मासेही नाहीत. म्हणून आधी भरपूर खाऊन गुबगुबीत होऊन घेतो.

अंडी आई आणि बाप दोघंही आळीपाळीने उबवतात, साधारण चाळीस दिवस. इथलं पहिलं पिल्लू २०१८ च्या १५ ऑगस्टला जन्मलं होतं, ते आठवडाभरात गेलं. पुढे २०२१ पासून पिल्लं जगली.

टेम्सकाठी मराठी

पेंग्विनबद्दल अगदी बरोबर. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातही हीच हम्बोल्ट जात आहे आणि ती चक्क उघड्यावर राहते, वाळू-गोट्यांचा किनारा आणि मोठा तलाव करून. उन्हाळ्यात आम्ही टोप्या घालून बघतो आणि तेही उन्हात पंख पसरून उभे असतात. माझ्या सासूबाई इथे आल्या तेव्हा त्यांनी हेच विचारलं होतं, "अगबाई, यांना बर्फ नको?" मुंबईतली हवा मात्र त्यांना झेपणारी नाही, दमटपणा आणि उकाडा दोन्ही फार, म्हणून तिथे गारवा राखावा लागतो.

निळा खंड्या

धाग्याचा सूर मोडायचा नाही, पण मला हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही तासभर थांबा म्हणता. मी थांबलो होतो. कुठल्या शहरात ते सांगत नाही. एक बिबट्या कुंपणाच्या कडेने चालत होता. अकरा पावलं, वळण, अकरा पावलं, वळण. वळताना दर वेळी डावा खांदा त्याच एका खांबाला घासायचा आणि तिथला रंग उडून लोखंड चकचकीत झालं होतं. मी पाऊण तास मोजलं. एकदाही पाऊल चुकलं नाही. त्यानंतर मी कुठल्याही प्राणिसंग्रहालयात गेलेलो नाही आणि मुलांनाही नेत नाही. सह्याद्रीत नेतो. वर्षभरात बिबट्याचा एक ठसा दिसला तरी आमचं पोट भरतं.

लालबागची मावशी

खंड्या, तुम्ही सूर मोडलेला नाही. त्या खांबाबद्दल वाचून मला गलबलून आलं. मीही अशा येरझाऱ्या पाहिल्या आहेत, लहानपणी, एका सर्कशीच्या पिंजऱ्यात, आणि ते चित्र माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

पण मला वाटतं, तुम्हाला ते कळलं ते थांबलात म्हणूनच. दोन मिनिटांत पुढे गेला असतात तर "वा, बिबट्या चालताना दिसला" असं म्हणत घरी आला असतात. बहुतेक लोक तेच म्हणतात. माझ्या भाचीच्या वहीत एका पानावर 'तेच तेच करतो' असं लिहिलंय, एका प्राण्याबद्दल. तिने ते पान मला दाखवून विचारलं, याला काय झालंय? त्या दिवशी मला तिला बंदिवास म्हणजे काय ते सांगावं लागलं. मी टाळलं नाही.

आणि सह्याद्री सगळ्यांच्या वाट्याला येत नाही हो. आमच्या चाळीतली निम्मी मुलं घाटावर कधी गेलेली नाहीत. त्यांना जिवंत तरस दिसेल तर तो भायखळ्यातच.

करंजाचं झाड

मी काही वर्षं शाळांच्या सहलींना प्राणी दाखवायचं काम स्वयंसेवक म्हणून केलंय, त्यावरून थोडं.

खंड्या यांनी पाहिलं त्या वागण्याला कारण असतं. रानात बिबट्याचा जागेपणीचा बहुतेक वेळ भक्ष्य शोधण्यात, हद्द राखण्यात जातो. पिंजऱ्यात जेवण आयतं येतं आणि वेळ उरतो. त्यावर उपाय म्हणजे प्राण्याला काम देणं. अस्वलाचा मध ओंडक्याच्या भोकांत भरून ठेवायचा, माकडांची फळं पाचोळ्यात पुरायची, वाघाच्या आवारात दुसऱ्या प्राण्याच्या वासाचं गवत टाकायचं. अस्वल ओंडका हुंगताना आवाज ऐकलाय का? ओठांचं नळकांडं करून ते आत ओढतं, धुराड्यासारखा घरघर आवाज येतो. रानात याच पद्धतीने ते वारुळातली वाळवी ओढतं, त्यासाठी त्याचे वरचे मधले दोन दात निसर्गानेच वगळलेले आहेत. एखाद्या बागेत गेलात की आवारात ओंडके, टांगलेले टायर, मचाण, लपायला झाडोरा आहे का ते आधी बघा. प्राणी किती आहेत यापेक्षा ते बघणं जास्त महत्त्वाचं.

देशात १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आहे. त्याची मान्यता नसेल तर प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. काँक्रीटच्या फरशीवरून माती-गवताच्या मोकळ्या आवारांकडे जो बदल तुम्ही गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पाहिला, त्यामागे हे आहे.

आता नेहमीचा प्रश्न, "वाघ झोपलेलाच असतो." मांजरकुळातले प्राणी दिवसाचे सोळा-सोळा तासही पडून राहतात, रानातसुद्धा. पण बऱ्याच ठिकाणी प्राण्यांना संध्याकाळी मागच्या निवाऱ्याच्या खोलीत घेतात आणि खाणं तिथेच देतात. म्हणून बाग बंद व्हायच्या आधीचा तास धरा. वाघ उठतो, आळस देतो, मागच्या दाराशी जाऊन बसतो, रखवालदाराच्या पावलांचा कानोसा घेतो. सकाळी बाहेर सोडल्यावर पहिलं काम म्हणजे आवाराची फेरी, झाडावर मुताचा फवारा, सगळं हुंगणं. या दोन वेळा सोडून भर दुपारी गेलात तर झोपच दिसणार. बऱ्याच ठिकाणी मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस उपासही असतो, रानात रोज शिकार मिळत नाही म्हणून.

निळा खंड्या

@करंजाचं झाड, माहिती चांगली आहे, धन्यवाद. ओंडके-मध हे सगळं ठीक, पण तो सारा खटाटोप आपणच त्याचं रान काढून घेतल्यामुळे करावा लागतो ना?

करंजाचं झाड

बिबट्याच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला मान्य आहे. ज्या प्राण्याला रानात जागा आहे त्याला हौसेखातर कोंडू नये. पण सुसरीचं काय? १९७० च्या दशकात आपल्या नद्यांमधली सुसर संपत आली होती. १९७५ मध्ये मगर प्रकल्प सुरू झाला, नदीकाठची अंडी गोळा करून उबवली, पिल्लं बंदिवासात वाढवली आणि चंबळसारख्या नद्यांत सोडली. गिधाडांचंही तेच. गुरांना देत असलेल्या डायक्लोफेनॅक औषधामुळे गिधाडं झपाट्याने मेली, २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं, पण त्याआधीच इतकी थोडी उरली होती की हरियाणात पिंजौरला प्रजनन केंद्र काढून ती वाढवावी लागली. काही जाती अशा आहेत की पिंजरा हीच त्यांची शेवटची खोली होती, आणि तिथून त्या परत बाहेर पडल्या.

पर्वतीच्या पायथ्याशी

पुणेकरांतर्फे! आमच्यासाठी सगळं पेशवे पार्कपासून सुरू होतं. सारसबागेत गणपतीला नमस्कार, मग पेशवे पार्क, मग फुलराणी, म्हणजे तिथली मुलांची छोटी आगगाडी. ती १९५६ पासून धावतेय, माझे वडील बसले, मी बसलो, माझी मुलगी बसली. वाघाची डरकाळी ऐकू आली की डब्यातली सगळी पोरं एकदम गप्प व्हायची. प्राणी तिथून हलवून १९९९ मध्ये कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय झालं. जागा १३० एकर, मध्ये तलाव. पायी फिरलात तर अर्धा दिवस, नाहीतर बॅटरीवरची गाडी आहे. ज्येष्ठांना घेऊन जाताय तर गाडीच करा, चढ आहेत. तेही बुधवारीच बंद असतं, हे विसरून आम्ही दोनदा दारातून परत आलोय.

माझं थांबायचं ठिकाण मात्र सर्पोद्यान. १९८६ मध्ये नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने ते सुरू झालं. हे तेच खैरे, ज्यांनी १९८० मध्ये पुण्यात बहात्तर विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत बहात्तर तास काढले, साप उगाच चावत नाही हे लोकांना पटावं म्हणून. माझी आजी हे बघायला गेली होती आणि त्यानंतर तिने नागपंचमीला गारुड्याच्या नागाला दूध पाजणं बंद केलं. साप दूध पीत नाही, उपाशी-तहानलेला ठेवला तर नाइलाजाने ओढतो, हे तिला तिथेच समजलं.

मावशींच्या धाग्यामुळे परवा मुलीला घेऊन गेलो आणि धामणीसमोर बसलो. वीस मिनिटं काही नाही. मग धामणीने तोंड एका दगडाच्या कडेला घासायला सुरुवात केली. ओठांपाशी पांढुरकं काहीतरी सुटलं. कात! डोळ्यांवरचा पडदासुद्धा त्या कातीबरोबर निघाला, मोजा उलटा काढावा तशी ती मागे मागे उलगडत गेली. पूर्ण कात बाहेर पडायला आणखी अर्धा तास लागला. आमच्या मागे किती लोक येऊन गेले, "साप हलत नाहीये" म्हणून.

दोन पोरांची आई

बापरे! अंगावर काटा आला वाचून. मोज्याची उपमा अगदी चपखल.

संत्र्याचं गाव

नागपूरची हजेरी. आमची महाराजबाग गावाच्या अगदी मध्यात, भोसल्यांच्या काळापासूनची जागा, आज कृषी विद्यापीठाकडे आहे. लहान आहे पण आमच्यासाठी घरासारखी. आणि २०२१ च्या प्रजासत्ताक दिनापासून गोरेवाड्यात मोठी सफारी सुरू झालीय. तिथे आपण बसच्या आत आणि वाघ, बिबटे, अस्वलं बाहेर मोकळी. फरक असा, की तिथे तुम्हाला मावशींसारखं थांबता येत नाही, बस पुढे जाते. माझ्या मुलाला म्हणून महाराजबागच जास्त आवडते.

बकुळ

सगळे प्राण्यांबद्दल बोलतायत, म्हणून झाडांची बाजू मांडते. राणीची बाग ही आधी वनस्पती उद्यान आहे, प्राणी नंतर आले! बाग लोकांसाठी उघडली १८६२ मध्ये, १८७३ पासून ती महापालिकेकडे आहे, आणि प्राणी त्यानंतर, १८९० च्या सुमाराला. पन्नासेक एकरांत तीन हजारांवर झाडं आहेत. भर मुंबईत! २००७ च्या सुमाराला बागेचा चेहरामोहरा बदलण्याचा आराखडा आला तेव्हा नागरिक उभे राहिले ते या झाडांसाठी.

थांबायचंच असेल तर जानेवारी ते मार्चमध्ये उर्वशीसमोर थांबा. मूळची म्यानमारची. फुलांचा घोस झुंबरासारखा खाली लोंबतो, लाल, आणि मोठ्या पाकळीच्या टोकाशी हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा ठिपका. आणि तिची नवी पालवी बघा. ताजी पानं तांबूस, लिबलिबीत, ओल्या रुमालासारखी फांदीवरून लोंबत असतात, बघणाऱ्याला वाटतं झाड सुकलं. आठ-दहा दिवसांत ती हिरवी होतात आणि ताठ उभी राहतात. मी दर वर्षी एका फांदीच्या मागावर असते.

कैलासपतीची फुलं फांदीवर नाहीत, थेट खोडावर येतात, आणि वास इतका दाट की वळणाआधीच कळतं. गोरखचिंच आफ्रिकेची, तिचं खोड म्हणजे पाण्याची टाकी. भाचीला तिला मिठी मारायला सांगा, किती हात लागतात ते वहीत लिहू दे.

चिंचपोकळीहून

मी धागा वाचून रविवारीच वडिलांना घेऊन गेलो, गर्दी असूनही. वडील ७८ वर्षांचे, गिरणीत होते, त्याआधी गावाला गुरं राखायचे. पेंग्विन नको म्हणाले, रांग बघूनच. चितळांसमोर बाकावर बसले ते उठेचनात. मला वाटलं दमले. तर म्हणाले, "तो बघ, त्याच्या शिंगावर अजून मखमल आहे. आणि तो पलीकडचा, त्याने झाडाला घासून काढलीय, चिंध्या लोंबतायत बघ." मी चाळीस वर्षं चितळ पाहतोय, शिंगं दर वर्षी गळतात आणि नवी फुटतात हे मला माहीत नव्हतं. वडिलांनीच सांगितलं की गाई-बैलांची शिंगं जन्माची, हरणांची सालाची. मग एक नर मागच्या पायांवर उभा राहून फांदीचा पाला ओढत होता, तर वडील एकदम गावाकडच्या शेळ्यांबद्दल बोलायला लागले. आई गेल्यापासून इतकं सलग बोलले नव्हते.

एक वाईटही सांगतो. आम्ही बसलो होतो तिथेच दोन तरुण मुलं वेफर्सचं पाकीट उलटं करून हरणांपुढे टाकत होती. पाकीटही आत गेलं. मी बोललो तर म्हणाले, "काका, खातंय ना आवडीने." रखवालदाराला बोलावून आणलं तोवर मुलं निघून गेली होती. त्याने काठीने पाकीट बाहेर ओढलं आणि मला दाखवलं, एका बाजूला चावलेलं होतं.

करंजाचं झाड

बोलावून आणलंत ते फार चांगलं केलंत. हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-जे प्रमाणे प्राणिसंग्रहालयात प्राण्याला चिडवणं, इजा करणं, खायला घालणं, गोंगाट करून त्रास देणं, आवारात कचरा टाकणं हा गुन्हा आहे. प्लॅस्टिक रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात गेलं की बाहेर पडत नाही, गोळा होऊन साठत राहतं आणि एक दिवस खाणं बंद होतं. मी सहलीच्या मुलांना आत शिरण्याआधी एकच काम द्यायचो: प्रत्येकाने आपल्या पाकिटाचा फाडलेला तुकडासुद्धा खिशात ठेवायचा, बाहेर आल्यावर मोजणी.

ठाणेकर सून

सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे, राणीची बाग झेपेल का? आणि तिकीट किती?

लालबागची मावशी

नक्की न्या. रस्ते सपाट आहेत, बाकं आणि सावली जागोजागी. भायखळा स्टेशनच्या पूर्वेकडून बाहेर पडलात की अगदी जवळ. २०१७ पासून मोठ्यांना ५० रुपये, मुलांना २५, आणि आई-वडील व दोन मुलं असतील तर चौघांचे मिळून १०० असा दर आहे. निघायच्या आधी एकदा बघून घ्या. सासूबाईंना चितळांसमोर बसवा, वर चिंचपोकळीच्या काकांचं वाचलंत ना.

@चिंचपोकळीहून, तुमचा प्रतिसाद मी भाचीला वाचून दाखवला. तिने वहीत नवीन पान उघडलंय, 'सालाची शिंगं' असा मथळा देऊन. तुमच्या वडिलांना विचाराल का, गळलेली शिंगं पुढे जातात कुठे? तिला फार पडलंय.

चिंचपोकळीहून

विचारलं. म्हणाले, रानात साळिंदर कुरतडून खातं, दातांना बरं पडतं त्याला. आणि म्हणाले, पोरीला घेऊन या, समोरासमोर सांगतो.

लालबागची मावशी

मग येत्या मंगळवारी येतो आम्ही. साडेनऊला तिकिटाच्या खिडकीशी. मी हिरवी छत्री घेऊन उभी असेन. काकांसाठी पातळ उशी आणते, बाक टणक आहे. आधी चितळ, मग तिला तरस बघायचाय, त्याचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा उंच का ते शोधायचंय तिला. बकुळ, जमलं तर तुम्हीही या, गोरखचिंचेला किती हात लागतात ते मोजायला आमच्या दोघींचे पुरणार नाहीत.

निळा खंड्या

मंगळवारी मीही येतो. आत येईन की नाही ते दारात ठरवतो. झाडापर्यंत तर नक्की, माझे दोन हात धरा.